रहीमजानची खबर

मॉस्को, १२ फेब्रुवारी १९६३

पाशाचाचा यांस उत्तरेश्वरचा सलाम.

तुमच्या हातचं आईचं पत्र पोचलं. आई सांगते आणि तुम्ही लिहिता, पण मधे मधे तुम्ही आपलंही घुसडता हे मला इथं बसून ओळखू येतं. "मफलर गुंडाळल्याशिवाय बाहेर पडू नको" हे आईचं. "तिकडं थंडीत इंजिनं कशी चालू करतात ते कळव" हे आमची आई शिवम्मा कशाला विचारील? तर ऐका. इंजिनाखाली शेगडी धरतात, बॅटरी काढून घरात नेतात आणि एवढं करून गाडी चालू झाली नाही की आपल्यासारख्याच शिव्या देतात.

आता माझं रडगाणं. इथल्या प्रकाशनगृहानं मराठी करायला मला एक जाडजूड पुस्तक दिलंय. एका पायदळ डिव्हिजनचा लढाईतला इतिहास आहे. डिव्हिजन म्हणजे आठ-दहा हजार माणसं. कॉकेशसच्या डोंगरात ही डिव्हिजन उभी राहिली, तेव्हा तिच्यात वीस बोलींची माणसं होती आणि निम्म्यांना हुकूमच कळायचा नाही. एक्केचाळीस साली तिला इराणच्या उत्तरेला नेलं. वर्षभरानं जर्मन कॉकेशसच्या तोंडाशी आले तेव्हा परत बोलावून तेरेक नदीवर उभी केली. मग कुबानच्या दलदलीत गळ्याएवढ्या चिखलात दिवस काढले आणि त्रेचाळीसच्या नोव्हेंबरात, भर वादळात, मच्छीमारांच्या होड्यांतून केर्चची खाडी ओलांडली. पलीकडं उतरायला निघालेल्यांतले किती उतरले नाहीत हे पुस्तक सांगत नाही. पूल किती बांधले, तोफा किती जिंकल्या, पदकं किती मिळाली हे सगळं आहे. माणसं मात्र 'जीवितहानी' या एका शब्दात उरकली आहेत.

मला लढाईतलं ओ की ठो कळत नाही. वडिलांच्या दुकानातल्या तागडीपेक्षा मोठं हत्यार मी हातात धरलेलं नाही. एस.टी.त येण्याआधी तुम्ही मिल्ट्रीत ड्रायव्हर होता, म्हणून विचारतो. एकामागं एक जाणाऱ्या लष्करी गाड्यांना मी 'वाहनमालिका' लिहिलंय. आणि गाडी 'कर्दमात अडकली' असं लिहिलंय. बरोबर आहे का?

जमिलाचाचींना सलाम सांगा. आईच्या गुडघ्याचं खरं काय ते लिहा, तिनं सांगितलेलं नको.

तुमचा,
उत्तरेश्वर

*

भूम, १७ मार्च १९६३

चि. उत्तरेश्वर यास पाशामियाँची दुवा.

आईचा गुडघा सुजतो. जमिलाबी रोज संध्याकाळी तेल लावून देते. आई नको नको म्हणते आणि पाय पुढं करते. काळजी करू नको.

वाहनमालिका वाचून आमच्या कंडक्टरला हसू आवरंना. अरे, काफिला म्हण. लोकांना कळतं. कर्दम म्हणजे काय ते मला दुसऱ्याला विचारावं लागलं. आमच्यात गाडी चिखलात 'बसली' म्हणतात. बसली की तिला उठवावी लागते, म्हशीसारखी. माझं मराठी एस.टी.च्या लॉगशीटपुरतं आहे, निजामाच्या वेळी शाळा उर्दूत झाली. पण तुझ्यासारखा शिकून सवरून असा लिहायला लागला तर आमच्यासारख्यांनी वाचायचं कधी?

तुझ्या पत्रात इराणचं वाचलं आणि गाडी येडशीला नेऊन आणली तरी डोक्यातून गेलं नाही. तुला ठाऊक नाही, कारण मी भूमात कुणाला सांगितलेलं नाही. बेचाळीस साली मी तिथंच होतो. इंग्रजांनी रशियाला पाठवलेला माल आम्ही हिंदी ड्रायव्हर घाटातून वर तबरीजपर्यंत न्यायचो. तिथं मोठ्या आवारात गाड्या रशियनांच्या ताब्यात द्यायच्या. जॅक, हँडल, स्टेपनी सगळं मोजून. समोरून ताब्यात घेणारा ड्रायव्हर होता रहीमजान. समरकंदचा. मी शाळेत शिकलेली मोडकी फारसी बोलायचो, तो आपल्या तऱ्हेची बोलायचा. दहा शब्दांत सहा जुळायचे, बाकीचे हातानं. त्याला उन्हाळ्यातल्या टरबुजांचं फार कौतुक. मी आमच्या सीना नदीच्या वाळवंटातल्या टरबुजांचं सांगितलं तर म्हणाला, वाळूत काय टरबूज येतं? त्यावरून आमची आठ दिवस हुज्जत चालली. सहा महिने दर फेरीला भेटायचो. वर्षा-दोन वर्षांनी मी मोठा असेन, पण मला भाईजान म्हणायचा.

ऑक्टोबरात तो म्हणाला, आता आम्ही इथून हलणार, लढाईवर. मी दुसरं काय देणार? आपल्याकडं माणूस लांब निघाला की त्याच्या दंडाला इमाम जामिन बांधतात, ते तू पाहिलंयस. हिरव्या फडक्यात नाणं घालून उजव्या दंडाला बांधायचं, आणि माणूस सुखरूप पोचला की ते सोडून त्याच्या नावानं गोडधोड वाटायचं. मी एक रुपया पागोट्याच्या हिरव्या कापडात शिवून त्याच्या सदऱ्याच्या आतून बांधला. त्यांच्याकडं ही चाल नाही. तो हसला, पण दंड पुढं केला. दुसऱ्या दिवशी कळलं की त्यांची तुकडी हलली. पुन्हा भेट नाही.

आता माझी अडचण ऐक. बांधणाऱ्यानं खबर येईस्तोवर थांबायचं असतं. शबेबारातीला आम्ही घरातल्या सगळ्या मयतांची नावं घेऊन फातिहा देतो. मी रहीमजानचं नाव घेत नाही. जिवंत असला तर? जिवंत माणसाच्या नावानं फातिहा म्हणजे आपण त्याला मारल्यासारखं. आणि नियाज म्हणून गोड वाटावं, तर मेला असला म्हणजे? एकवीस वर्षं झाली. हे नाही आणि तेही नाही.

तुझ्या पुस्तकातली डिव्हिजन तीच असेल तर बघ. मला मोठं काही नको. आहे की गेला, एवढाच एक शब्द लिही.

पाशामियाँ

*

मॉस्को, २८ एप्रिल १९६३

पाशाचाचा यांस सलाम.

काफिला लिहिला. गाड्याही सगळ्या बसवल्या. आमच्या संपादकबाईंना मराठी येत नाही, म्हणून त्यांनी हरकत घेतली नाही.

आता तुमचं काम. हे पुस्तक जुळवणारे गृहस्थ इथंच मॉस्कोत राहतात. नाव गेओर्गी निकितिच. लढाईत ते डिव्हिजनच्या कचेरीत कारकून होते आणि अजून कारकूनच आहेत. घरात बसायला खुर्ची एक आणि पेट्या अकरा. प्रत्येक पेटीत माणसांची कार्डं. मी तुमच्या रहीमजानचं सांगितलं, समरकंद, ड्रायव्हर, तबरीज. त्यांनी मला मुरांबा घातलेला चहा दिला आणि पेट्या उघडायला बसले. तिसऱ्या दिवशी मला बोलावलं.

डिव्हिजन तीच आहे आणि तुमचा माणूस सापडला. चाचा, तो जिवंत आहे. लढाईत पायाला थोडं लागलं होतं, पण सुखरूप घरी गेला. समरकंदला बस चालवतो, तुमच्यासारखीच. तीन मुलं आहेत. आणखी काय लिहू? आता नियाज घाला आणि माझ्या वाटचं आईला द्या.

जरा कामाच्या गडबडीत आहे. पुढं सविस्तर लिहीन.

तुमचा,
उत्तरेश्वर

*

भूम, १० जून १९६३

चि. उत्तरेश्वर यास पाशामियाँची पोटभर दुवा.

तुझं पत्र मी येडशीच्या स्टँडवर वाचलं. गाडीत पॅसेंजर बसलेले होते. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली तरी मला उठवंना. एवढा मोठा माणूस मी, स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. पॅसेंजरला वाटलं घरी काही वाईट झालं. मी म्हणालो, भावाची खबर आली, खुशाल आहे.

जुम्म्याला नियाज घातली. जमिलाबीनं दोन डेगा गोडा भात केला. आमची गल्ली, एस.टी. स्टँड, बाजारातले माळी, सगळ्यांना वाटला. आमचा कंडक्टर दोनदा बसला. तुझ्या आईनं विचारलं कशाचं रे पाशाभाई, तर सांगितलं, तुझ्या लेकानं माझा माणूस शोधून दिला. ती दिवसभर दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत होती.

आता तो आहे, तर मला त्याला एक पत्र लिहायचंय. यासोबत ठेवलंय. तुला वाचता यावं म्हणून मराठीत लिहिलं. त्याचं रशियन कर आणि त्याला पाठव. वाचून तू माझ्याबद्दल काय समजायचं ते समज. पण त्यातलं काही गाळू नको, आणि गोड करू नको.

पाशामियाँ

(सोबतचं पत्र)

रहीमजान भाई, सलाम अलैकुम.

मी पाशा. तबरीजच्या आवारातला हिंदी ड्रायव्हर. तू जिवंत आहेस हे कळलं म्हणून लिहितो. कळलं नसतं तर हे माझ्याबरोबर कबरीत गेलं असतं.

मी तुझ्या दंडाला इमाम जामिन बांधलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचा एक अफसर आमच्या आवारात आला. बरोबर आमचा जमादार. अफसराच्या हातात ते हिरवं फडकं होतं, फाडलेलं, आणि इंग्रज राजाच्या तोंडाचा रुपया. आम्हां तीस ड्रायव्हरांना रांगेत उभं केलं. जमादारानं विचारलं, "ये किसका है?" त्यांना वाटत होतं तो कसला तरी इशारा आहे, तू परक्या लोकांना खबरी देतोस. आम्हांला रशियनांशी सलगी करायची मनाई होती. तुम्हांलाही असणार. हे मला ठाऊक होतं, तरी मी बांधलं, कारण आमच्याकडं बांधतात. तुमच्याकडं त्याला काय समजतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती माझी चूक. पण त्या चुकीसाठी मी हे पत्र लिहीत नाही.

मी गप्प बसलो. चार शब्द सांगायचे होते, साहेब, हे माझं आहे. आमच्यात दुवा म्हणून बांधतात, दुसरं काही नाही. मी बुटांकडं बघत राहिलो. माझी रजा मंजूर झाली होती, दोन दिवसांनी घरी निघायचं होतं. नवीन लग्न होतं. रजा जाईल या भीतीनं गप्प बसलो. अफसर रांगेच्या टोकापर्यंत गेला आणि परत फिरला. तू तिथं नव्हतास. मी सुटीवर गेलो.

पुढं अठ्ठेचाळीस साली आमच्या मुलखात निजामाचं राज्य गेलं. त्या चार-आठ दिवसांत आम्हां मुसलमानांवर वाईट वेळ आली. मी शेजाऱ्याच्या, माणिकप्पाच्या दुकानात पोत्यांमागं होतो. लोक दारात आले आणि विचारलं, आत कोण आहे, कुणाचा माणूस आहे. माणिकप्पा साधा वाणी, लिंगायत, कुणाशी मोठ्यानं न बोलणारा. तो दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, "माझा माणूस हाय." एवढंच. ते लोक निघून गेले. मी पोत्यांमागं जिवाच्या भीतीनं नाही, शरमेनं कापत होतो. मला तुझी रांग दिसत होती. एवढं सोपं होतं ते, रहीमजान.

तुझं काय झालं मला ठाऊक नाही. मार खाल्लास का, किती दिवस कोंडलं. तू आहेस म्हणून मागतो. माझी चूक माफ कर. आमचे मौलवीसाहेब म्हणतात, नमाज चुकली तर अल्ला माफ करील, पण माणसाचा गुन्हा त्या माणसानंच माफ करायचा असतो, त्यात अल्लाही पडत नाही. नाही केलंस तरी तसं लिही. शिवी दिलीस तरी चालेल.

तुझा भाईजान,
पाशा

*

भूम, २ सप्टेंबर १९६३

चि. उत्तरेश्वर यास दुवा.

तीन महिने झाले. तुझ्या आईला तुझी दोन पत्रं आली, मीच वाचून दाखवली. त्यांत माझ्या पत्राचं नाव नाही. रहीमजानला पाठवलंस ना? त्यानं उत्तर दिलं नसेल तर बरोबरच आहे. त्याच्या जागी मी असतो तर मीही दिलं नसतं. पण त्यानं काही वाईट लिहिलं असेल आणि तू मला लागेल म्हणून दाबून ठेवलं असशील, तर तसं करू नको.

दुसरं म्हणजे, उस्मानाबादला कलेक्टर कचेरीतून पासपोर्टचा फॉर्म आणलाय. जमिलाबी म्हणते वेड लागलं. डेपो मॅनेजरनं विचारलं, समरकंदला कोण आहे तुझं? सांगितलं, माफी मागायचीय. तो हसायला लागला, मग माझं तोंड बघून थांबला. त्या फॉर्मात तिथल्या माणसाचा पत्ता लिहायचा आहे. तेवढा कळव.

पाशामियाँ

*

मॉस्को, २३ सप्टेंबर १९६३

पाशाचाचा यांस.

हे पत्र टपालानं पाठवत नाही. दिल्लीला निघालेल्या एका गृहस्थांच्या हाती देतोय, ते तिथं पेटीत टाकतील. काही गोष्टी इथल्या टपालातून लिहिण्यासारख्या नाहीत.

तो फॉर्म भरू नका. पत्ता नाही. रहीमजान जिवंत नाही, चाचा. एप्रिलमध्ये मी लिहिलं ते सगळं खोटं होतं. बस, तीन मुलं, पायाचं दुखणं, सगळं मी माझ्या टेबलावर बसून रचलं.

आता जे कार्डावर होतं तेच लिहितो. गेओर्गी निकितिचनी मला ते त्या तिसऱ्या दिवशीच वाचून दाखवलं होतं. रहीमजान रहीमोव, ड्रायव्हर, समरकंद. ऑक्टोबर बेचाळीसमध्ये त्याच्या अंगावर परक्या देशाचं नाणं सापडलं. चार दिवस चौकशी झाली. कुणी दिलं विचारलं तर त्यानं सांगितलं, तबरीजच्या बाजारात रस्त्यावर सापडलं, नशीब म्हणून बांधलं. शेवटपर्यंत तेच सांगितलं. तुमचं नाव घेतलं नाही. त्याला शिक्षेच्या तुकडीत धाडलं. ज्या जागी कुणी आधी जायला तयार नसतं तिथं या तुकड्या आधी पाठवत. केर्चची खाडी ओलांडताना पहिल्या होड्यांत तो होता. होडी किनाऱ्याला लागली नाही. तारीख ३ नोव्हेंबर १९४३. डिव्हिजन त्यांच्या मागून उतरली आणि तिला पदक मिळालं. पुस्तकात त्याचं नाव नाही, कारण शिक्षा झालेल्यांची नावं पुस्तकात घ्यायची नाहीत असं ठरलं होतं.

मी खोटं का लिहिलं? तुमच्या मार्चच्या पत्रानंतर ते कार्ड ऐकलं तेव्हा मला एवढंच दिसलं की एका भल्या माणसानं भल्या मनानं दुवा बांधली आणि त्या दुवेनंच दुसऱ्याचा जीव गेला. हे तुम्हांला कसं लिहू? वाटलं, समरकंद काय, भूम काय, कोण कुठं पडताळायला जातंय. एक गोड शब्द लिहिला की चाचांची एकवीस वर्षांची टोचणी जाईल. फार शहाणपणा केला असं वाटून मी त्या दिवशी मजेत जेवलोसुद्धा. तुम्ही एक शब्द मागितला होता, आहे की गेला, आणि मी तेवढाच नेमका चुकीचा दिला.

मग तुमचं त्याच्या नावाचं पत्र आलं. ते मी किती वेळा वाचलं सांगत नाही. माझ्या वडिलांनी दारात उभं राहून काय म्हटलं हे मला त्या पत्रातून पहिल्यांदा कळलं. घरी त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांचा मुलगा म्हणून मला लाज वाटली. त्यांनी एका माणसाला वाचवायला खरं सांगितलं आणि मी तुम्हांला सांभाळायला खोटं लिहिलं. तीन महिने मी रहीमजानच्या वतीनं उत्तर लिहायला बसत होतो. 'माफ केलं, भाईजान' एवढं लिहून फाडत होतो. ते मात्र माझ्यानं पाठववलं नाही.

एक सांगतो. त्यानं बाजारात सापडलं असं आधीच सांगितलं होतं. तुम्ही रांगेत बोलला असता तर तो खोटा ठरला असता आणि कदाचित त्याला तिथंच गोळी घातली असती. गेओर्गी निकितिचही हेच म्हणाले.

मला माफ करा. आईला यातलं काही सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

उत्तरेश्वर

*

मॉस्को, १९ नोव्हेंबर १९६३

पाशाचाचा यांस.

आईचं पत्र आलं. अक्षर पोस्टमास्तरांचं आहे. तिनं काहीच खुलासा केला नाही, फक्त 'पाशाभाईला आजकाल सवड नसते' एवढं आहे. मी समजलो.

उत्तराची अपेक्षा करत नाही. पुस्तकाचं काम संपलं. मोठ्या हौसेनं घेतलं होतं. आता छापून आलं तरी ते आपल्या गावात कुणी वाचू नये असं वाटतं.

उत्तरेश्वर

*

भूम, ५ जानेवारी १९६४

चि. उत्तरेश्वर यास पाशामियाँची दुवा.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली होती. उत्तर लिहिलं नाही, कारण लिहायचं नव्हतं. तुझ्या आईचीही पत्रं लिहिली नाहीत. पेन घेतलं की तुझं नाव लिहावं लागायचं.

तो मेला म्हणून तुझा राग आला नाही. लढाईत गेलेला माणूस मेला असेल हे मला कुणी सांगायला नको होतं. राग आला तो गोड्या भाताचा. ज्याची फातिहा वीस वर्षं राहिली होती त्याच्या खुशालीचा भात मी गावाला चारला. लोक बोटं चाटून दुवा देत होते आणि मी हसत हसत वाढत होतो. हे तू माझ्याकडून करवलंस. तुला कळत नव्हतं, पण करवलंस.

आणि ती पळवाट मला देऊ नको. मी बोललो असतो तर तो खोटा ठरला असता म्हणतोस. असेल. पण त्यानं काय सांगितलंय हे मला तिथं रांगेत उभं असताना कुठं ठाऊक होतं? मी त्याला वाचवायला गप्प बसलो नव्हतो. रजेसाठी बसलो होतो. तो माझ्यासाठी चार दिवस गप्प राहिला आणि मी माझ्यासाठी. दोन्ही गप्प एक नव्हेत.

डिसेंबरात तुझ्या आईनं मला घरी बोलावलं. म्हणाली, पोस्टमास्तर लई इंग्रजी लिहितो, मला कळंना, तू का येत न्हाईस? मी सगळं सांगितलं. रहीमजान, रुपया, रांग, तुझं खोटं. माणिकप्पाचंही सांगितलं. ते तिला ठाऊक होतं. गुडघा चोळत बसली. मग म्हणाली,

"पाशाभाई, माझ्या लेकाचं चुकलं, व्हय. पर त्यो जित्ता हाय तवर त्याला काय बोलायचं ते बोल. शिव्या दे, न्हाय तर माफ कर. तुला त्या पोराशी बोलायचं ऱ्हायलं, तसं माझ्या पोराचं करू नगं."

घरी आलो तरी ते कानातून जाईना. तीन महिने मी तुला गप्प राहून मारत होतो. ज्या गोष्टीसाठी मी आयुष्यभर स्वतःला शिव्या देतोय तीच तुझ्याशी करत होतो.

म्हणून लिहितो. उत्तरेश्वर, तुझं खोटं मी माफ केलं. मनापासून केलं, तोंडदेखलं नाही. हा हक्क माझा होता आणि मी तो वापरला. पुन्हा हा विषय माझ्यापाशी काढू नको आणि स्वतःला त्यावरून खाऊ नको.

शबेबारात चार दिवसांपूर्वी झाली. जमिलाबीनं हलवा केला. मौलवीसाहेबांपुढं घरच्या सगळ्या मयतांची नावं झाली आणि मग मी रहीमजानचं नाव घेतलं. त्यांनी विचारलं, बापाचं नाव? मला सांगता आलं नाही. सहा महिने टरबुजावरून भांडलो, पण बापाचं नाव विचारायचं राहिलं. मौलवीसाहेब म्हणाले, असू दे, अल्लाला ठाऊक आहे. फातिहा झाली. तुमच्या त्या कारकुनाच्या कार्डावर बापाचं नाव असलं तर लिहून पाठव, म्हणजे पुढच्या वर्षी पूर्ण नाव घेता येईल.

तुला माफ केल्यावर वाटलं होतं की आपल्याही छातीवरचं थोडं उतरेल. उतरलं नाही. उतरायचंही नाही. तुझं ऐकून घेणारा माणूस भूमला जिवंत बसला होता, म्हणून तू सुटलास. माझं ऐकून घेणारा त्या खाडीत गेला, आणि जाताना माझं नावसुद्धा कुणाला सांगून गेला नाही.

पाशामियाँ